बारावा कप

बाईनं कप तोंडाला लावला आणि असा भुरका मारला, की काहिलीपाशी उभे असलेले दोन गडी माना वळवून बघायला लागले. बाई साठीच्या पुढची, अंगानं काडी, केस पांढरेफटक. साडीच्या निऱ्या पुढं काढायच्या सोडून पाठीमागं काढलेल्या. तोंडातली कॉफी तिनं दोनदा गालांत फिरवली आणि शेजारच्या डब्यात थुंकून टाकली.

"आरं, वाया घालवली की," माझ्या मागनं कुणीतरी पुटपुटलं.

"गप ऱ्हावा," मी दटावलं. पण हसू मलाही येत होतं. आमच्यात पोरीनं असा भुरका मारला असता, तर आईनं पाठीत धपाटा घातला असता.

वृषाली माझ्या कानाशी आली. वृषाली म्हणजे आमच्या मालकांची, रंगराव चौगुल्यांची थोरली लेक. ही बाई ज्या कॉफीच्या कंपनीची, त्याच कंपनीत वृषाली पुण्यात माल खरेदी करायच्या कामावर होती. "केरबाकाका, हसू नका," ती म्हणाली. "चव घ्यायची हीच पद्धत आहे. कॉफी हवेबरोबर सगळ्या जिभेवर उडाली पाहिजे. मुत्तम्मा मॅडमनी हो म्हटल्याशिवाय आमच्या एकाही दुकानात दाणा जात नाही."

ही चार वर्षांमागची गोष्ट. गाव आमचं कागलच्या अलीकडं, हमरस्त्यापासून दोन मैल आत. मी रंगरावांच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या. काहिलीपाशी उभं राहून उसाच्या रसाचा गूळ करतो तो गुळव्या. मालक कुणीही असू दे, काहिलीवर राज्य गुळव्याचं. चुना किती, भेंडीचं पाणी किती, जाळ किती, काहील उतरवायची कधी, यात मालकानंही तोंड घालायचं नाही. चाळीस वर्षं मी ते राज्य केलं आणि, खोटं कशाला बोलू, थोडा माजही केला.

आता ती कंपनी. तिचं नाव इंग्रजी, लांबलचक. बोर्डावर तांब्याचं चित्र आहे, म्हणून हमरस्त्यावरचे ट्रकवाले आणि आम्ही तिला नुसतं 'तांब्या' म्हणायचो. देशभर तीनशे दुकानं. कागलच्या दुकानापुढं पहिल्यांदा रांग बघितली तेव्हा माझं डोकंच फिरलं. चहाच्या चौपट पैसे मोजून माणसं उन्हात उभी. ट्रकवाले, लग्नाची वऱ्हाडं, सहलीला निघालेल्या शाळेच्या बाई, सगळे. मी म्हटलं, लोकांना पैसा उतू चाललाय दुसरं काय.

मग करोनाच्या साथीच्या आदल्या साली पुण्याला लेकीकडं निघालो होतो. एसटी तिथं थांबली म्हणून मीही एक कप घेतला. चांगली होती. कडू, पण तोंड वाकडं करायला लावणारी नव्हे. दूध आणि कॉफी एकजीव झालेली, आणि घोट गिळल्यावर मागनं भाजल्या दाण्याची चव हळूच येऊन बसायची. बरं, म्हटलं, आहे बाबा. साताऱ्याच्या पुढं गाडी परत थांबली, तिथंही तांब्या. परत एक घेतली, आणि कप हातात धरून उभाच राहिलो.

तीच चव. तशीच्या तशी.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं. अहो, मी गुळव्या आहे. एका रानाचा ऊस, एकच काहील, करणारा माणूस एकच, तरी सकाळचा गूळ दुपारच्या गुळासारखा उतरत नाही. हवा फिरली की रस फिरतो. आणि इथं पाणी वेगळं, दूध वेगळं, करणारं पोरगं वेगळं, मध्ये शंभर मैल, आणि चव एक? हडपसरला उतरल्यावर लेकीच्या घरी जायच्या आधी तिसरा कप घेतला. तीच चव. माझ्या अंगावर काटा आला. लेक न्यायला आली होती, ती म्हणाली, "आबा, काय झालं? बरं वाटत न्हाई का?"

"शालन," मी म्हटलं, "ह्याच्या मागं कुणीतरी लई मोठं माणूस हाय. मला त्याचे पाय बघायचेत."

आणि बघा, ते माणूस स्वतःच्या पायांनी आमच्या गुऱ्हाळावर आलं होतं. पाठीमागं निऱ्या काढून.

कंपनीला तीनशेही दुकानांत गुळाची कॉफी सुरू करायची होती. त्यासाठी तीन गुऱ्हाळं बघायची ठरली, त्यातलं एक वृषालीनं खटपट करून आमचं घुसवलं. आमच्या शिवारात एके काळी अकरा चुलाणी पेटायची. ऊस कारखान्याला जायला लागला, तशी दहा विझली. आमच्या एका चुलाण्यावर वीस माणसांची घरं चालत होती. रंगरावांनी दसऱ्यालाच सांगून टाकलं होतं, "कॉफीवाल्यांनी गूळ घेतला तर घेतला. न्हाईतर गुढीपाडव्यापासनं आपलं बी बंद. मला आता रेटत न्हाई." म्हणजे त्या बाईच्या जिभेवर सगळं येऊन ठेपलं होतं.

आणि माझी जीभ मेलेली होती.

हे कुणाला ठाऊक नव्हतं. साथीच्या पहिल्या साली मला ताप आला. चव गेली, वास गेला. तशी ती सगळ्यांचीच गेली आणि महिन्या-दोन महिन्यांत सगळ्यांची परत आली. माझी आली नाही. रंगराव विचारायचे, "केरबा, चव आली का रं?" मी म्हणायचो, "आली की, कवाच आली." काय सांगणार? चव नसलेला गुळव्या म्हणजे डोळे नसलेला ड्रायव्हर. घरी बसावं लागलं असतं. मग मी डोळ्यांनी, कानांनी आणि हातांनी काम धकवायला लागलो. फेसाचा रंग बघायचा, उकळीचा आवाज ऐकायचा, पाक पाण्यात टाकून गोळी बोटांत धरून बघायची. यात मी चाळीस वर्षं मुरलेलो, गोळी कधी चुकली नाही. चव मात्र नुसती नाटकं. बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, डोळे बारीक करायचे आणि मान डोलवायची. दीड वर्ष मी सगळ्यांना बनवलं आणि माझंच मला कौतुक वाटत होतं.

रंगरावांना साखरेचा आजार. गुऱ्हाळाचा मालक आणि गुळाचा खडा तोंडात घालायची चोरी. आणि गड्यांची काय छाती, गुळव्याच्या गुळाला नाव ठेवायची.

उरली सुंद्राबाई. चुलाण्यात चिपाडं सारून जाळ राखतो त्याला जाळव्या म्हणतात. आमचा जाळव्या बापू, माझा जिवाभावाचा दोस्त, ह्या गोष्टीच्या आठ वर्षं आधी गेला. त्याच्या जागी त्याची बायको बसली. बाई जाळ राखते असं पंचक्रोशीत दुसरीकडं कुठं नव्हतं. मी तिला वैनी म्हणायचो, ती मला भावजी. बोलायची कमी आणि बोलायची तेसुद्धा विचारल्यासारखं. "भावजी, नदीकडच्या रानाचा रस आलाय, त्यात माळावरच्या रानाचा घालायचा का?" "भावजी, आज चुना जरा चढ वाटतोय का?" माझा पारा चढायचा. "मला कळतंय वैनी, तुमी जाळाकडं बगा," असं म्हणायचो. पण म्हणताना रस घालायचो आणि चुना कमीही करायचो. बाईमाणूस आहे, घाबरट आहे, तिची समजूत घातलेली बरी, असं मनाला सांगायचो.

तर त्या दिवशी.

वृषालीनं बारा दिवसांचा गूळ बाजूला काढून ठेवला होता. प्रत्येक दिवसाचा एक खडा, कागदात बांधून, वर तारीख. बाईंनी येताना कॉफीचा काढा थर्मासमधून आणला होता. वृषालीनं तोलून बारा कप केले, गूळ तेवढाच, दूध तेवढंच, आणि आकडे कपांच्या बुडाला चिकटवले. कुठला कप कुठल्या दिवसाचा हे बाईंना दिसायची सोय नव्हती. बाईंचं मत देऊन झालं, की वृषाली बूड बघून आम्हाला तारीख सांगायची. बारदानावर आम्ही सगळे गोल करून बसलो. सुंद्राबाई तेवढी चुलाण्यापाशी, कारण काहील चढलेली होती.

बाई हिंदी बोलायच्या, पण आमच्या रंगरावांचं हिंदी ऐकून त्यांना घाम फुटला. मी म्हटलं, मला कानडी येतं. तरुणपणी सात हंगाम संकेश्वरच्या गुऱ्हाळांवर काढले होते. बाईंचा चेहरा खुलला. वृषालीला कानडी ओ की ठो येत नव्हतं, आणि रंगरावांचं कानडी 'जेवण झालं का' याच्यापुढं नव्हतं. म्हणून बाई बोलायच्या आणि मी मराठीत सांगायचो.

पहिला कप. भुरका. थुंकल्या. "ऊस कोवळा आहे. आठ-दहा दिवस थांबायला हवं होतं."

मी रंगरावांकडं बघितलं, रंगरावांनी माझ्याकडं. पाहुण्यांच्या रानातला ऊस होता, त्यांना लग्नासाठी रान मोकळं करून हवं होतं म्हणून घाईनं तोडलेला. बाई तर काल रात्री कोल्हापुरात उतरल्या होत्या.

तिसरा कप. "भेंडी शिळी."

रसातली मळी वर काढायला भेंडीचं पाणी घालतात. त्या दिवशी बाजार नव्हता, आदल्या दिवशीची वापरली होती. गूळ झाला, ढेप झाली, कागदात बांधून पंधरा दिवस झाले, वर कॉफी आणि दूध, आणि बाईला त्यातली शिळी भेंडी लागली. मघाशी हसणारे गडी आता मांडी घालून, कीर्तनाला बसावं तसे बसले होते.

सहावा कप. बाईंनी डोळे मिटले. परत एकदा भुरका मारला. "जाळ मध्येच पडला होता. थोडा वेळ. मग परत चढवला."

मी चुलाण्याकडं बघितलं. सुंद्राबाईनं हळूच मान हलवली. "चिपाडं दवानं भिजली होती त्या दिशी," ती म्हणाली. "घटकाभरच पडला जाळ."

रंगरावांनी नकळत हात जोडले. खरं सांगतो, मला रडू येईल असं वाटलं. देवळात गेल्यावर मला कधी तसं वाटलं नाही. मोठे मोठे गुळवे मी बघितले, ढेपेवर टिचकी मारून कुठल्या गावची ते सांगणारे, पण असली जीभ नाही बघितली. माणसाच्या तोंडात इतकं असू शकतं, आणि ही बाई ते घेऊन आमच्या बारदानावर साधी बसलेली. कागल, सातारा, हडपसर, सगळं मला तिथं उमगलं. चव एक राहते ती अशी. कुणीतरी इतकं जागं असतं म्हणून.

आणि त्याच वेळी मी बारदानावर जरा मागं सरकून बसलो. कारण ही बाई गूळ चाखून माणूस ओळखत होती.

अकरा कप झाले. प्रत्येकात काहीबाही काढलं, पण शेवटी मान होकाराचीच. वृषालीच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. बाराव्याला बाईंनी भुरका मारला आणि लगेच थुंकल्या.  एक चमचा घेतला, त्याच कपात बुडवला आणि कप माझ्यापुढं धरला.

"तुम्ही बघा," कानडीत म्हणाल्या. "गुळव्याचं काय मत?"

मी चमचा तोंडाला लावला. दीड वर्ष सराव होता. डोळे बारीक केले, मान डोलवली. "एक नंबर," मी म्हटलं.

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग लोकांना दिसावं म्हणून हसल्या आणि अगदी साध्या आवाजात, हवापाण्याचं बोलावं तसं, कानडीत म्हणाल्या, "तुमची चव कधी गेली?"

"सर्दी हाय जरा," मी म्हटलं.

"सर्दी नाही. हा कप उप्पु आहे."

उप्पु म्हणजे मीठ. नदीकाठच्या रानाला पाणी जास्त झालं की जमीन खारते, ऊस खारतो आणि गूळही खारट उतरतो. एवढं तर शेंबड्या पोराला माहीत. आणि मी एक नंबर म्हणून बसलो होतो.

"काय म्हणत्यात रं बाई?" रंगरावांनी विचारलं.

"सांगतो, थांबा की जरा," मी म्हटलं. मग बाईंकडं वळलो. कानडीत म्हटलं, "अम्मा, दीड वर्ष झालं. हितं सांगू नका. वीस घरं हायेत ह्याच्यावर."

"ते मी विचारलं नाही. मला कोडं वेगळंच पडलंय." त्यांनी चार कप पुढं ओढले. "दुसरा, पाचवा, नववा आणि हा बारावा. चारही खारट रानाचे. पण पहिल्या तिन्हींत कुणीतरी दुसरा रस मिसळलाय. प्रत्येक वेळी वेगळा, लागेल तेवढाच. एकदा चौथाई, एकदा निम्मा. पाकाची गोळी बाराही दिवस एकसारखी आहे. ती तुमची असणार, अशी गोळी मी फार थोड्या ठिकाणी बघितली. हात तुमचा. पण जीभ कुणाची?"

"माझीच. अंदाजानं करतो मी."

"अंदाज तीन वेळा सोळा आणे बसत नाही." बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "हे बघा, मी पस्तीस वर्षं हेच काम करते. रोज सकाळी कामाला बसायच्या आधी माझ्यापुढं तीन कप ठेवतात. दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कुठला ते सांगायचं. आमच्याकडं काल लागलेली पोरगीसुद्धा मला हे कप लावते. चुकले तर त्या दिवशी माझ्या शब्दाला किंमत नाही, घरी जायचं. गेल्या पावसाळ्यात चार वेळा गेले. लोकांना वाटतं, कॉफी माझ्या जिभेवर चालते. ती त्या तीन कपांवर चालते."

 जिच्यापुढं रंगरावांनी हात जोडले, तिला रोज सकाळी परीक्षा. आणि मला दीड वर्षात कुणी एक कप लावला नव्हता. लावायची कुणाची हिंमत नव्हती, आणि ती हिंमत होऊ नये याची काळजी मीच घेतली होती.

"सांगा," बाई म्हणाल्या. "ह्या बाराव्या कपाचा गूळ झाला त्या दिवशी कोण नव्हतं इथं?"

"मी नव्हते अम्मा."

आवाज चुलाण्याकडनं आला. कानडीत. मी गर्रकन वळलो. सुंद्राबाई चिपाडाचा भारा मांडीवर घेऊन बसली होती, नजर जाळावर. तिचं माहेर संकेश्वरचं, ही गोष्ट माझ्या ध्यानातनं पार गेली होती. बापूच्या लग्नाला मीच वऱ्हाडात होतो, पण इतक्या वर्षांत तिच्या तोंडून कानडी शब्द ऐकला नव्हता.

"लेकीच्या बाळंतपणाला निपाणीला गेले होते," ती पुढं म्हणाली. "तेवढा एकच दिवस. चूक माझी लिहा. ह्यांना काय म्हणू नका. ह्यांच्या हातासारखा हात न्हाई."

बाई उठल्या. अनवाणीच चुलाण्यापर्यंत गेल्या आणि राखेत, तिच्याशेजारी, खाली बसल्या. "कधी चाखता?"

"रस काहिलीत ओतायच्या आधी. घागरीत बोट बुडवून."

"कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाई. लागती चव, त्याला काय शिकायचं."

मी तिथवर कसा गेलो ते आठवत नाही. मराठीत म्हटलं, "वैनी, तुमाला कवापासनं ठावं?"

"तुमी तापातनं उठून आला त्याच दिशी," ती म्हणाली. "रस आंबला होता. तुमी चाखला आन मान डोलावली."

"मग मला बोलला का न्हाईसा?"

"बोलले की भावजी. रोज बोलत हुते. तुमाला इचारल्यागत बोलत हुते." तिनं एक चिपाड आत सारलं. "सरळ बोलले असते तर तुमी ऐकलं असतं व्हय?"

 नसतंच ऐकलं. दोन शिव्या हासडून तिला चुलाण्यावरनं उठवली असती. दीड वर्ष मी ज्याला माझा अंदाज म्हणत होतो, ते तिचं बोट होतं. मी नुसता वरनं मान डोलवत होतो. शरम तर वाटलीच. पण त्याहून जास्त मी चकित झालो. कोल्हापुरापासून कागलपर्यंतच्या लोकांनी 'केरबाचा गूळ, केरबाचा गूळ' म्हणून वाखाणलेला तो गूळ, हमरस्त्यावरच्या तांब्याच्या कॉफीसारखा दिवसागणिक एकसारखा ठेवणारं माणूस माझ्यापासून सहा हातांवर, धुरात बसलं होतं. आणि मी पुण्याला जाऊन म्हणत होतो, मला त्याचे पाय बघायचेत.

बाई उठून माझ्याजवळ आल्या. "मी बारावा कप बाद करते. अकरा पास. कारण लिहायची गरज नाही. बाकी तुमचं तुम्ही दोघं बघा." आणि जाऊन आपल्या जागेवर बसल्या.

म्हणजे सुटलो होतो. गूळ पास, चुलाण चालू, माझं नाव शाबूत. वैनी बोलणार नाही, ते मला माहीत होतं. उद्यापासून परत ती विचारणार आणि मी मान डोलवणार.

"केरबा, सांग की लेका," रंगरावांना धीर निघत नव्हता. "पास का नापास?"

"पास हाय मालक. बारावा सोडून सगळा पास." गड्यांनी एकच गलका केला. वृषालीनं बापाला मिठी मारली. मी हात वर केला. "थांबा. बारावा खारट निघालाय. आन तो मला खारट लागला न्हाई, कारण मला दीड वर्ष झालं, काहीच लागत न्हाई. ना गोड, ना खारट. मी तुमास्नी फसवलं."

गलका थांबला. रंगराव म्हणाले, "चेष्टा करू नगंस केरबा."

"चेष्टा न्हाई. ज्या गुळाला आज बाईंनी पास म्हटलं, तो वैनींच्या जिभेचा हाय. ज्या दिशी वैनी नव्हत्या, त्या दिशीचा नापास झाला. मी सांगतोय ते पटत नसंल तर बाईंना इचारा."

वृषालीनं हिंदीत विचारलं. बाईंनी मान हलवून हो म्हटलं.  सुंद्राबाईनं पदर तोंडापर्यंत ओढून घेतला होता. रंगराव टकलावरनं हात फिरवत अडखळत म्हणाले, "म्हंजे आता काहिलीवर... बाईमाणूस?"

वृषालीनं तेही बाईंना सांगितलं. मुत्तम्मा हसल्या. हिंदीत म्हणाल्या, "मीपण बाईमाणूसच आहे." रंगरावांना तेवढं हिंदी बरोबर कळलं.

रात्री घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या आमटीला दीड वर्ष नाव न्हाई ठेवलंत, तवाच मला कळायला पायजे होतं." आणि हसता हसता रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर गुऱ्हाळावर गेलो आणि चुलाण्यापुढं, बापूच्या जागेवर जाऊन बसलो. वैनी आली, मला तिथं बघून दारातच उभी राहिली. मी चिपाडं ओढून घेतली. ती गेली, हातपाय धुऊन आली, आणि पदर खोचून काहिलीच्या काठाशी उभी राहिली. घागरीत बोट बुडवून तिनं रस चाखला, सगळ्यांदेखत. रस चढला, मळी निघाली, फेस पिवळा झाला. गोळी बघायला तिनं मला हाक मारली. मी उठून पाक पाण्यात टाकला, गोळी तिच्या बोटांत दिली आणि परत येऊन बसलो. जाळापुढं बसलं की काय भाजून निघतं माणूस, ते मला त्या दिवशी कळलं. आठ वर्षं ती तिथं बसली होती.

गुऱ्हाळावर सगळ्यात मोठा शब्द एकच. काहील तयार झाली की गुळव्या म्हणतो, "उतरवा." पळभर आधी म्हटलं तर गूळ मऊ, पळभर उशीर झाला तर करपला. तो शब्द दुसऱ्या कुणी उच्चारायचा नाही. चार गडी दांडे धरून तयार उभे होते.  वैनीनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली आणि जाळाकडं बघत राहिलो.

"उतरवा," ती म्हणाली. आवाज बारीकच निघाला.

गडी हलले नाहीत. सवयीनं चौघंही माझ्या तोंडाकडं बघायला लागले.

"माझ्याकडं काय बगताय रं?" मी ओरडलो. "गुळव्यानं सांगितलंय न्हवं? उतरवा."